बुधवारचा बंद

कुसुमताई,

तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले आणि मला अजून एका जागी धड बसता येत नाही. सकाळी अर्धी दाढी करून उठलो आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. दवाखान्यात खुर्चीवर टेकलो की दोन मिनिटांत मशीनच्या खोलीकडे जातो, तिथं काही काम नसतं, मग व्हरांड्यात येतो. व्हरांड्यात तुमचं टेबल आहे. त्यावर आता नवी सिस्टर बसते. मला पाहून ती उभी राहते, मी परत फिरतो. तिला वाटत असेल, हा इंजिनिअर चक्रम आहे.

शोकसभेत सगळे बोलले. मोठे डॉक्टर तुमच्या हसऱ्या स्वभावाबद्दल बोलले. तुम्ही हसऱ्या कधी होता, ताई? आठ वर्षांत तुम्हाला मी चारेक वेळा हसताना पाहिलं असेल, त्यातल्या तीनदा माझ्यावर. माझं नाव पुकारलं तेव्हा मी हात जोडून "मला जमणार नाही" म्हणालो आणि लोकांना वाटलं, मला रडू आवरत नाही. तसं काही नव्हतं. मी घाबरलो होतो. तोंड उघडलं तर खरं काय ते निघून जाईल, याची भीती होती.

आता लिहितो. तुम्हालाच लिहितो, कारण ही गोष्ट सगळ्यांत आधी तुमची आहे.

आपली पहिली भेटच भांडणाची. शेकाची नवी मशीन येऊन महिना झाला होता. कागदोपत्री तिचं नाव लिनिअर ॲक्सिलरेटर, काम कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडण्याचं, पण आपल्याकडे येणारा प्रत्येक जण तिला शेकाची मशीनच म्हणायचा, आणि पुढे मीही तेच म्हणायला लागलो. त्याआधी सहा महिने मी बाहेरगावी एका मोठ्या संशोधन केंद्रात शिकायला होतो. तिथला ॲक्सिलरेटर, म्हणजे त्वरक, हे आपल्या दवाखान्याएवढ्या इमारतीत मावणारं एकच यंत्र. कणांना ढकलत ढकलत अफाट वेग द्यायचा, हे त्याचं काम. शेकडो पंप, मैलभर तारा, पाण्याच्या नळ्या, आणि त्यातली एक जरी गोष्ट रुसली तरी सगळं ठप्प. तिथल्या लोकांनी मला एक गोष्ट शिकवली. यंत्र बिघडेल का, असं तिथं कोणी विचारत नसे. काय बिघडेल, कधी बिघडेल, आणि तेव्हा सुटा भाग हातात घेऊन कोण उभं असेल, एवढंच विचारायचे. वर्षाचं कॅलेंडर करताना ते आधी बंदचे दिवस लाल रंगाने भरायचे. चालू दिवस त्यानंतर.

तसं एक लाल-पांढरं कॅलेंडर घेऊन मी तुमच्या टेबलाशी आलो. मी खाप्याचा, विणकराच्या घरातला, पण सहा महिने बाहेर राहून आलो होतो म्हणून पुस्तकी बोलत होतो. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ते पाहिलंत.

"हे लाल लाल कायचं हाये?"

"बंद. दर बुधवारी दुपारी मशीन बंद ठेवायची. आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, सलग दोन आठवडे."

"बिघडली नसली तरी?"

"बिघडू नये म्हणून."

"आन् पेशंट?"

"त्यांना दुसऱ्या दिवशी बोलवायचं."

तुम्ही चष्मा खाली घेतला. "तुमच्या त्या मोठ्या मशीनपुढं काय ठेवत होते गा?"

"धातूचा पातळ पत्रा. त्यावर कण आदळतात."

"पत्र्याले घाई नसते," तुम्ही म्हणालात. "माह्यावाली बाई गडचिरोलीहून दोन गाड्या बदलून येते. तिले एक दिवस मांगं ढकललं तं तिच्या पोटातली गाठ थांबते काय?"

मी रागावलो, कारण प्रश्न बरोबर होता. शेक रोज थोडा थोडा, सलग पाच-सहा आठवडे द्यायचा असतो. मध्ये खंड पडला की गाठीला सावरायला वेळ मिळतो. हे मला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि त्या बाईला नावानिशी ओळखणं वेगळं. मी फक्त मशीनला ओळखत होतो.

तरी तुम्ही नुसतं नाही म्हणणाऱ्यांतल्या नव्हता. तीन दिवसांनी माझंच कॅलेंडर घेऊन तुम्ही माझ्या खोलीत आलात. मेच्या लाल चौकटींवर पेन्सिलने काट मारली होती. म्हणालात, मे महिन्यात शेतं रिकामी असतात, तेव्हाच खेड्यातली माणसं बायकोला, आईला घेऊन दवाखान्यात येतात, तेव्हा मशीन बंद ठेवून चालणार नाही. मी म्हणालो, मे महिन्यात आपल्या नागपूरच्या उन्हात पाणी गार करणारं युनिट धापा टाकतं, व्होल्टेज पडतं, मशीन तेव्हाच जास्त आजारी पडते. तुम्ही म्हणालात, मग युनिटवर छप्पर घालून घे, ओल्या वाळ्याच्या ताट्या बांध, काय करायचं ते कर. बंद पेरणीच्या दिवसांत ठेव. पेरणी सोडून कोणी येत नाही, येतात ते अगदीच अडलेले, त्यांची सोय आधीच दुसरीकडे लावता येईल.

त्या मोठ्या केंद्रातल्या कोणाला पेरणी सुचली नसती. मला तर नव्हतीच सुचली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं तर तुम्ही मला हसतच सांगितलंत, त्या चार वेळांपैकी ही पहिली. मारबतीच्या दिवशी इतवारीतून हातगाडी काय, माणूसही निघत नाही. सगळे रस्ते मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीने भरलेले. "त्या दिवशी मशीन चालू ठेवून तू कोनाले शेक देनार? मारबतीले?" तो दिवस आपण कायमचा लाल केला. पुढे असे किती दिवस आपण शोधले. तुमच्या आणि माझ्या कॅलेंडरवर भांडून भांडून जे तयार झालं, ते माझ्या त्या शिक्षकांना दाखवावं असं मला फार वाटायचं. राहून गेलं.

फक्त बुधवार मात्र माझा होता. बुधवारी दुपारी दोनला मशीन बंद, सहाला चालू. पाण्याच्या नळ्या, गाळणी, निर्वात पंप, दार उघडलं की मशीन थांबवणारे स्विच, सगळं हाताने पाहायचं. तुम्ही दर मंगळवारी कुरकुर करायच्या आणि दर बुधवारी दोनच्या एक मिनिट आधी शेवटचा पेशंट बाहेर काढायच्या.

तुमचे पेशंट कुठे राहतात हेही मला तुमच्यामुळे कळलं. मला वाटायचं, सगळे धर्मशाळेत असतील. एकदा तुम्ही मला वाडीला घेऊन गेलात, अमरावती रोडच्या त्या ट्रकच्या गोदामांमागे, जिथे ड्रायव्हर लोक भाड्याने खोल्या घेतात. एका खोलीत तीन कुटुंबं, मध्ये साडी बांधलेली. गळ्यावर शेकाच्या जांभळ्या खुणा असलेला एक म्हातारा डिझेलच्या वासात बसून भात गिळायचा प्रयत्न करत होता. तुम्ही त्याच्या सुनेला म्हणालात, "पातळ कर वं, अजून पातळ. पेज कर." बाहेर आल्यावर मला म्हणालात, "तुह्या एका बुधवाराचं हे भाडं हाये. एक दिवस जास्त म्हंजे एक दिवस जास्त असं जगनं." मी म्हणालो, आणि बुधवार सोडला तर? "मले माहीत हाये," तुम्ही म्हणालात. "मशीन मोडली तं महिनाभर असं जगनं. मले काय कळत नाई काय? पन तू एकदा पाहून घे, म्हून आनलं."

आता ती गोष्ट.

ते पोळ्याआधीचे दिवस. मंगळवारी सकाळी मी मशीनच्या मागच्या कपाटात हात घातला. पाण्याची एक रबरी नळी सांध्यापाशी दमट लागली. दाबून पाहिली तर जास्त पिकलेल्या पेरूसारखी मऊ. कपाटात तसाच नवा तुकडा पडलेला होता. बदलायला अर्धा तास. मी मनात म्हटलं, उद्या बुधवार, उद्या बदलू.

दुपारी तुम्ही आलात. अकरा जणांचे शेक त्या आठवड्यात संपत होते. बुधवारी दुपारी मशीन चालू राहिली तर ते सगळे पोळ्याआधी घरी पोचणार होते. त्यांनी तुमच्यामागे लकडा लावला होता. तुम्ही मोठ्या डॉक्टरांना विचारून आला होता आणि ते हो म्हणाले होते. तुम्ही मला नीट विचारलंत. हे मला चांगलं आठवतं. "परभाकर, एवढा बुधवार सोडू काय? काही अडचन असन तं सांग."

काही अडचण असेल तर सांग, असं तुम्ही म्हणालात, ताई.

आणि मी रुसलो. मला न विचारता आधी डॉक्टरांकडे गेलात याचा मला राग आला. माझा बुधवार माझ्या हातातून काढून घेतला, असं वाटलं. मी म्हणालो, "डॉक्टरांनी ठरवलंय ना? चालवा मग." आणि नळीचं बोललो नाही. अर्ध्या तासाचं काम होतं. मी बुधवारी सकाळी सातला येऊन ते करू शकलो असतो. ते मी केलं नाही. का केलं नाही याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे आणि ते दर वेळी तेच निघतं. मला वाटत होतं की एखादी छोटी गळती व्हावी, अर्धा दिवस खोळंबा व्हावा, आणि तुम्हाला कळावं की बुधवार काय असतो.

गुरुवारी अकराच्या सुमारास नळी सुटली. पाणी उच्च दाबाच्या विजेच्या कपाटात गेलं. मोठा आवाज झाला, दिवे गेले. आत टेबलावर उमरेडच्या पार्वताबाई होत्या, विणकाम करणाऱ्या, गर्भाशयाच्या शेकासाठी आलेल्या. वीज गेली की मशीन मरते, त्यांना धोका काही नव्हता, पण ते त्यांना कुठे माहीत? अंधारात त्या ओरडत होत्या. मी आधी कपाटाकडे धावलो. तुम्ही आधी त्यांच्याकडे गेलात. "मी हाये, मी हाये, उठू नको वं," असं तुम्ही म्हणत होता ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

कणांना ढकलणाऱ्या लाटा तयार करणारा मुख्य भाग जळाला होता. नवा यायचा बाहेर देशातून मुंबईला, मुंबईच्या कस्टममधून नागपूरला. तेवीस दिवस.

त्या दुपारी व्हरांडा भरलेला होता. पेशंट, त्यांची माणसं, आया, दोन डॉक्टर. कोणीतरी मला विचारलं, आता काय? आणि मी तुमच्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणालो, "यांना विचारा. बुधवार यांनी खाल्ला. आता या लोकांचं जे होईल ते यांच्या डोक्यावर."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. नंतर खाली पाहिलं आणि टेबलाचा खण उघडून पेशंटची कार्डं बाहेर काढायला लागलात.

चौकशी झाली. दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या साहेबांनी लेखी विचारलं, बुधवारची तपासणी कोणाच्या सांगण्यावरून रद्द झाली? तुम्ही लिहून दिलंत, माझ्या विनंतीवरून. खाली सही. मोठे डॉक्टर म्हणाले, त्यांनी फक्त तोंडी संमती दिली होती. मला विचारलं, नळीत आधी काही दोष दिसला होता का? मी लिहिलं, नाही. माझीही खाली सही आहे. तो कागद अजून फायलीत आहे.

ते तेवीस दिवस तुम्ही जे केलंत त्याबद्दल शोकसभेत कोणी बोललं नाही, कारण ते कोणी पाहिलंच नाही. मी पाहिलं. तुम्ही कार्डांचे तीन गठ्ठे केले. ज्यांना एक दिवसही थांबता येणार नाही ते दुसऱ्या दवाखान्यातल्या शेकाच्या जुन्या कोबाल्ट मशीनवर, आणि त्यासाठी तुम्ही स्वतः तिथल्या सिस्टरकडे रोज जाऊन बसलात. ज्यांना थोडं थांबता येईल ते दुसरा गठ्ठा, त्यांना वाडीतल्या आणि धर्मशाळेतल्या खोल्यांवर जाऊन तुम्ही तारीख सांगितलीत. तिसरे, जे अजून गावाहून निघायचे होते, त्यांना पोस्टकार्ड. माझ्या हाताला तेव्हा काम नव्हतं, सुटा भाग येईपर्यंत मी रिकामा. तुम्ही माझ्यापुढे पोस्टकार्डांचा गठ्ठा ठेवून म्हणालात, "पत्ते लिही." तेवढंच. व्हरांड्यातलं बोलणं आपल्या दोघांत पुन्हा कधी निघालं नाही.

मशीन सुरू झाली तेव्हा पार्वताबाई आल्या नाहीत. दोनदा कार्ड टाकलं, उत्तर नाही. एका रविवारी तुम्ही म्हणालात, "चाल उमरेडले." उमरेडच्या गाडीत मी तुमच्या शेजारी बसलो होतो. खिडकीतून धूळ येत होती. मी ठरवलं, आता सांगतो. तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "काही बोलून राहिला काय?"

"नाई. धूळ येऊन राहिली."

तुम्ही खिडकी ओढून घेतली.

पार्वताबाई घरातच होत्या, मागावर बसलेल्या, काठाचं काम चाललेलं. आपल्याला पाहून त्यांनी पाय थांबवला नाही. म्हणाल्या, "मी नाई येत बाई. तिथं अंधारात मले वाटलं, मेली मी. पुन्हा बंद पडली तं?" मला वाटलं, तुम्ही सांगाल की आता नाही पडणार. दवाखान्यातलं कोणीही तेच सांगतं. तुम्ही खाली त्यांच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "पडन. मशीन हाये ते, बंद पडन. पन पडली तं मी आतच राहीन, दाराजवळ. तुले एकटीले नाई ठेवत. आन् हा मानूस, हा आधी नळ्या पाहीन, मंग तुले झोपवीन. विचार त्याले."

तुम्ही दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो. आधी पाहीन." त्याच्या पुढे 'चूक माझी' हे दोन शब्द होते, ते मी गिळले.

त्या आल्या. उरलेले शेक पूर्ण केले. त्यानंतर अडीच वर्षं जगल्या. मधल्या खंडाने त्यांचं किती आयुष्य नेलं, नेलं की नाही, हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. मी विचारलं आहे. वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या डॉक्टरांना, अनेकदा.

पुढे तुम्ही ती सकाळची पद्धत सुरू केलीत. पहिला पेशंट आत जायच्या आधी मशीनवरचे सगळे, मी, दोघे तंत्रज्ञ, आया, पाच मिनिटं उभे राहायचं. तुम्ही विचारायच्या, "काल कोनाले काय दिसलं? लहान असो मोठं असो. बोलून टाका, कोनी कोनाले काही म्हननार नाई." एक आया म्हणाली, दार बंद होताना कुरकुरते. त्या कुरकुरीतून आपल्याला झिजलेला स्विच सापडला. मोठमोठ्या त्वरकांवर ज्यासाठी समित्या नेमतात ते तुम्ही उभ्या उभ्या पाच मिनिटांत करायच्या. त्यानंतर आपली मशीन बिघडून तीन दिवसांहून जास्त कधी बंद राहिली नाही.

पण ताई, तुम्ही विचारताना माझ्याकडे पाहायच्या का? मला वाटायचं, पाहता. "कोनाले काय दिसलं?" म्हणताना एक क्षण जास्त थांबता. की तो माझाच भास? तुम्हाला माहीत होतं का? त्या दिवशी कपाट उघडल्यावर जुनी नळी मी बादलीत टाकली होती, ती बादली तुम्हीच उचलली होती. नळी तुमच्या हाताला लागली असेल. एका दिवसात रबर असं मऊ होत नाही, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. तुम्हाला माहीत असूनही तुम्ही सही केली असेल तर ते मला सहन होत नाही. माहीत नसताना केली असेल तर तेही होत नाही. रोज या दोन्हींच्या मध्ये मी फेऱ्या घालतो.

या जूनमध्ये तुम्हाला कावीळ झाली तेव्हा आपला वार्षिक बंद सुरू होता. मशीन उघडून ठेवलेली, भाग जमिनीवर मांडलेले. तुमचा भाऊ मधुकर दवाखान्यात येऊन सांगून गेला, ताईची तब्येत बरी नाही, तुमची आठवण काढते. मी म्हणालो, "बंद संपला की येतो. चार दिवस." मला बाहेर पडता आलं असतं. दोन तंत्रज्ञ होते, काम नेटकं चाललं होतं. पण पाचपावलीत तुमच्या घरी खाटेशी बसलो तर सांगावं लागेल, हे मला कळत होतं. म्हणून मी नळ्या तपासत राहिलो. तिसऱ्या दिवशी मधुकरचा निरोप आला तो तुम्ही गेल्याचा.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. मधुकर पुढच्या खोलीत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. नळी, मंगळवार, रुसवा, व्हरांडा, कागदावरचं "नाही". माझं संपल्यावर तो म्हणाला, "तुमाले माहीत हाये काय, त्या कागदानं तिची बढती गेली? दोनदा गेली. घरी तिनं काही सांगितलं नाई. आमाले वाटे, तिचीच चूक असन. मी एकदा बोललो बी तिले, काहून पराया कामात नाक खुपसतं म्हून."

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. बढतीचं खरंच माहीत नव्हतं, ताई. विचारलं असतं तर कळलं असतं.

"मले सांगून काय होते?" तो म्हणाला. "लिहून द्या. तिच्या साहेबाले द्या. मंग या."

लिहायला मला नऊ दिवस लागले. खरं तर पानभरसुद्धा मजकूर नाही. मंगळवारी सकाळी नळी मऊ झालेली मला आढळली होती. सिस्टर कुसुम यांनी अडचण आहे का असं स्पष्ट विचारलं असता मी ती सांगितली नाही. चौकशीत मी खोटं लिहिलं. बंदची जबाबदारी माझी होती आणि आहे. साहेब आता नवे आहेत. त्यांनी वाचून कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "अहो, ही जुनी फाईल. त्या बाईही राहिल्या नाहीत. कशाला उगीच?" मी म्हणालो, फायलीत लावा आणि आवक क्रमांक टाकून मला एक प्रत द्या. आता माझ्यावर कारवाई होईल. व्हावी. आज सकाळच्या पाच मिनिटांत मी तोच कागद मशीनपाशी सगळ्यांना वाचून दाखवला. नवी सिस्टर रडली. तिने तुम्हाला पाहिलेलंही नव्हतं. जुनी आया मात्र पहिला पेशंट यायची वेळ झाली म्हणून आपणहून दार उघडायला गेली.

दुपारी प्रत घेऊन मी पुन्हा पाचपावलीला गेलो. मधुकर दारातच भेटला. त्याने ती उभ्यानेच वाचली, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत, तुमच्या नावाशी थांबून. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"हे ती असताना काहून नाई लिहिलं?"

मी वाटेत बरीच उत्तरं तयार केली होती. ती सगळी सोडून मी म्हणालो, "भीती वाटली."

तो म्हणाला, "तिनं सही केली तवा तिले नसन वाटली काय?"

दार त्याने लावलं नाही. मीच पायऱ्या उतरून आलो.